घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायला परवानगी लागते का, आणि नाही घेतली तर कळतं कुणाला?

कळतं. खांबावर चढणाऱ्याला कळतं.

मी 22 वर्षं लाइनमन आहे. एका वादळी रात्री झाड पडून घरांना वीज देणारी खालची लाइन तुटली होती. आम्ही डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर असतो तिथला स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात घातले. चढायच्या आधी तुटलेल्या तारेच्या पुढच्या बाजूला, तारेत वीज असली की वाजणारा डिटेक्टर लावला, तर तो वाजला. वाटलं, बिघडलाय. जोडीदाराने स्वतःचा लावला, तोही वाजला. पावसात उभं राहून कानोसा घेतला, तर एका घरामागून इंजिनाची घरघर. जाऊन बघतो तर दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये, आणि मेन स्विच तसाच चालू. तुटलेल्या तारेपुढे तीनच घरं उरली होती, म्हणून लोड कमी, जनरेटर बंदही पडला नाही. तार शाबूत असती आणि वीज डीपीपर्यंत गेली असती तर? ट्रान्सफॉर्मर 11,000 व्होल्टचे 230 करतो तसे 230 चे 11,000 पण करतो.

माझे साडू म्हणतात, "मेन पाडला की झालं, कागद कशाला?" अहो, त्या घरातल्या माणसालाही मेन पाडायचं माहीत होतं. अंधारात, पोरं रडत असताना राहून गेलं. चेंजओव्हर स्विच असला की एका वेळी एकच बाजू जोडली जाते, विसरायला जागाच राहत नाही. तपासणीला येणारा माणूस मुख्यतः तेच बघतो.

तेव्हा कायमची जोडणी करणार असाल तर अर्ज करा, परवानाधारक ठेकेदाराकडूनच काम घ्या, वीज कंपनीला कळवा. इंधनाची टाकी, आवाज आणि धूर यांचे नियम वेगळे असतात. एक्स्टेन्शन वायरीवर फक्त फ्रिज चालवायचा असेल तर बहुतेक ठिकाणी परवानगी लागत नाही, पण जनरेटर घराबाहेरच, दारं-खिडक्यांपासून निदान 20 फूट लांब ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हां, नियम जागोजागी आणि किलोवॅटप्रमाणे बदलतात, म्हणून मशीन घेण्याआधी विचारा. सोसायटीत असाल तर तिथेही.

साडूंनी चेंजओव्हर अजून बसवलेला नाही. त्यांच्या भागातली लाइन तुटली की शिडी लावायच्या आधी मी त्यांना फोन करतो.