शिबिराचा वार कोणी ठरवावा?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. चौघेही विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक आहेत, आणि चौघांचीही तक्रार सेवा मुळीच नसल्याची नाही; सेवा आहे, परंतु ती ठरवताना आम्हाला कोणी विचारले नाही, अशी आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

*

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा असून त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे. तो गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. तालुक्याच्या ठिकाणी त्याच्यासाठी फिजिओथेरपी मिळते, परंतु तिचा वार नेमका आमच्याकडील आठवडे बाजाराचा असतो. त्या दिवशी एसटीत बसायला जागा मिळत नाही, आणि माझ्या मुलाला उभे राहता येत नाही. मी दोनदा अर्ज दिला. "एका मुलासाठी वार बदलता येत नाही," असे उत्तर मिळाले. आसपासच्या गावांत अशी आणखी सहा मुले आहेत. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिकडे अशा सेवा ठरवतानाच पालकांना विचारतात, असे ती सांगते. आमले कोन इचारस?
— एक आई, जळगाव जिल्हा

उत्तर : ताई, तुम्हाला मिळालेले उत्तर रुक्ष आहे, पण त्यात एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे. अर्ज हा एका माणसाचा असतो आणि वेळापत्रक हे सर्वांचे असते. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याला तुमचा मुलगा हा नियमाला पडलेला एक अपवाद वाटतो. आणखी सहा मुले आहेत, हे वाक्य तुम्ही मला पत्राच्या शेवटाकडे लिहिले. ते सर्वांत आधी यायला हवे होते. एका मुलासाठी वार बदलत नसेल, तर सात मुलांसाठी तो का बदलू नये, याचे कारण मात्र कार्यालयाला द्यावे लागते.

म्हणून तिसरा अर्ज लिहिण्याआधी त्या सहा घरी जाऊन या आणि एक यादी करा. प्रत्येक मुलाचे गाव, इयत्ता, दिव्यांगत्वाचा प्रकार, प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) आहे की नाही, थेरपीच्या ठिकाणापर्यंतचे अंतर, एसटीची जाण्यायेण्याची वेळ, दोघांचे भाडे, त्या दिवशी बुडणारी मजुरी, आणि गेल्या सहा महिन्यांत मूल प्रत्यक्षात किती वेळा जाऊ शकले, एवढे त्यात असावे. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा आहे, कारण कार्यालयाच्या वहीत मूल "लाभार्थी" म्हणून एकदा लागले की ते पुन्हा आले की नाही, हे क्वचितच पाहिले जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत किती खाडे झाले, तेही लिहा. यादीच्या ज्या प्रती इतरांच्या हाती जातील, त्यांत मुलांची नावे घालू नका, गाव आणि वय पुरेसे आहे. नावांची प्रत फक्त अधिकाऱ्यांकडे द्यावी.

मागणी लिहिताना केवळ "वार बदला" एवढ्यावर थांबू नका. सात मुले आणि सात पालक अशा चौदा जणांनी एका दिशेने प्रवास करण्याऐवजी थेरपिस्टने महिन्यातून दोनदा तुमच्यापैकी मध्यवर्ती गावाच्या शाळेत यावे, हा पर्याय कार्यालयालाही स्वस्त पडू शकतो, आणि तो कागदावर हिशेबासकट मांडणारे कोणी नसल्यामुळेच बहुधा कोणाला सुचलेला नसतो.

कायदा तुमच्या बाजूने किती आहे, हेही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे शासनाच्या निधीवर चालणाऱ्या किंवा शासनमान्य असलेल्या शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांच्या आणि अधिक आधाराची गरज असणाऱ्या मुलांच्या मदतनिसांच्याही वाहतुकीची सोय करावी, असे अपेक्षित आहे. म्हणजे एसटीतल्या जागेचा प्रश्न हा तुमचा खासगी प्रश्न नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वंचित गटातील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे, असेही कायदा म्हणतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले या गटात आली. शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. आपल्या गावांतील समित्यांवर अशा मुलांचे किती पालक आहेत, ते एकदा मोजून पाहा. जिथे कोणी नाही, तिथे पुढच्या निवडीत नाव द्या; तोवर समितीच्या बैठकीत तुमची मागणी ठराव म्हणून मांडून इतिवृत्तात लिहून घ्या. सर्व शाळांचे ठराव एकत्र करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचे, एक प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायची, आणि दोन्हीकडून पोच घ्यायची. तोंडी बोलणे कितीही गोड झाले तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका.

एक गोष्ट मुख्याध्यापकांकडे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी तपासा: यू-डायसच्या, म्हणजे शाळांची माहिती शासनाकडे जाणाऱ्या प्रणालीच्या, नोंदीत मुलाचे दिव्यांगत्व लागले आहे का, आणि प्रकार बरोबर लिहिला आहे का. शालेय शिक्षणाच्या समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणासाठीची (दिव्यांग मुलांनी इतरांबरोबर शिकण्यासाठीची) तरतूद मुलांच्या संख्येवर बेतलेली असते, ती संख्या या नोंदींतून वर जाते, आणि एप्रिलपासूनच्या वर्षाचा आराखडा त्याआधीच्या काही महिन्यांतच आकार घेतो. नोंदीत नसलेले मूल आराखड्यातही नसते. जूनमध्ये शाळा उघडल्यावर केलेली मागणी म्हणूनच अनेकदा "या वर्षी तरतूद नाही" या वाक्यापाशी थांबते. तुमचे ठराव दिवाळीच्या सुमारास पोहोचले पाहिजेत.

तुमच्या नणंदबाई सांगतात ते खरे आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या एका कायद्याने प्रत्येक स्थानिक प्रशासनावर, आपल्या भागात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी आणि २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी कोणत्या सेवा आहेत, याची माहिती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी टाकली. ती तयार करताना आणि तिचा फेरविचार करताना पालकांना व मुलांना सहभागी करून घ्यावे लागते. मला त्यातले सर्वांत आवडलेले कलम निराळेच आहे: पालकांनी सेवांबद्दल जे मत दिले ते, आणि त्यावर प्रशासनाने काय केले ते, ही दोन्ही जाहीर करावी लागतात. तिकडेही पालकांना ताटकळावे लागते आणि भांडावे लागते, तेव्हा सगळे आलबेल आहे असे समजू नका. पण सेवांची यादी करायला आपल्याला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. थेरपी कुठे, कोणत्या वारी, विशेष शिक्षक कोणत्या शाळेत कधी येणार, दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी कोणत्या दिवशी, एवढे एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. शेजारी "प्रत्यक्षात काय घडले" असा रिकामा रकाना ठेवला तर उत्तमच.

मी विशेष शिक्षिका म्हणून नोकरीत असताना आमच्याकडील संसाधन कक्षात (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या खास खोलीत) दुपारनंतर मुले थांबत नसत. आम्ही अहवालात "मुले लवकर थकतात" असे लिहिले, आणि दोन वर्षे तेच वाक्य पुढे चालवले. एके दिवशी एका आईने सहज सांगितले, "बाई, तुमच्या संडासाच्या दारातून चाकाची खुर्ची आत जात नाही, म्हणून आम्ही पोराला जेवणाआधीच घरी नेतो." आम्ही कक्षात नवे साहित्य मागवत होतो, आणि अडचण दाराच्या रुंदीची होती. हे त्या आईला पहिल्या दिवसापासून माहीत होते. आम्ही विचारले नव्हते.

*

प्रश्न : आम्ही घरी पावरी बोलतो. माझी मुलगी सात वर्षांची आहे. दिव्यांग तपासणीच्या शिबिरात तिला मराठीतून प्रश्न विचारले, फळांची चित्रे दाखवून नावे विचारली, ती बोलली नाही, म्हणून कागदावर "मतिमंद" लिहिले. घरी ती शेळ्या चारून मोजून परत आणते आणि एखादी कमी असली तर कोणती ते सांगते. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला गुजरातेत जातो. आमचे म्हणणे कुठे मांडावे?
— एक वडील, नंदुरबार जिल्हा

उत्तर : दादा, शेळ्यांचे जे तुम्ही लिहिले आहे, ते तपासणीच्या कागदावर यायलाच हवे होते, आणि ते मी भावनेपोटी म्हणत नाही. २०१६ च्या कायद्यात बौद्धिक दिव्यांगत्वाची जी व्याख्या आहे, तिच्यात बौद्धिक क्षमतेची मर्यादा आणि दैनंदिन जीवनातील वर्तनाची मर्यादा अशा दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. दुसरी बाजू शिबिराच्या टेबलावर दिसत नाही; ती आईवडील सांगतात तेव्हाच कळते. म्हणजे या तपासणीत पालक हा बाहेर बसवून ठेवण्याचा माणूस नसून माहितीचा एक मुख्य स्रोत आहे. जे मूल आपली भाषा ऐकताच बोलू लागते, त्याची परक्या भाषेत परीक्षा घेऊन काढलेला निष्कर्ष मी तरी मान्य करणार नाही.

पहिले काम श्रवणतपासणीचे करा. ऐकू कमी येत असेल तर मूल गप्प राहते, आणि गप्प मुलावर चुकीचा शिक्का फार लवकर बसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून जिल्हास्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा; हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असून तपासणी विनामूल्य आहे. त्यानंतर फेरतपासणीची लेखी मागणी करा आणि त्या वेळी पावरी बोलणारी व्यक्ती सोबत असावी, असे त्यात स्पष्ट लिहा. पाड्यावरील अंगणवाडी सेविका पावरी बोलत असेल तर तिच्याइतके योग्य माणूस मिळणार नाही, कारण तिने मुलीला लहानपणापासून पाहिलेले असते. मुलगी घरी काय काय करते, ते आठ-दहा दिवस एका वहीत लिहून ठेवा; लिहिता येत नसेल तर मोबाइलवर चित्रण करा.

सेवा घडवण्याचा प्रश्न यापुढचा आहे, आणि तो तुमच्या एकट्या मुलीचा नाही. अनुसूचित (आदिवासीबहुल) क्षेत्रात पेसा कायद्यामुळे, म्हणजे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्यामुळे, गावाच्या विकासाच्या योजनांना ग्रामसभेची मंजुरी लागते. ग्रामसभेत दोन ठराव मांडा. एक, दिव्यांग तपासणीची शिबिरे दिवाळीच्या आधी, स्थलांतर सुरू होण्यापूर्वी घ्यावीत. गाव रिकामे झाल्यावर घेतलेल्या शिबिरात "पालक गैरहजर" एवढीच नोंद उरते. दोन, शिबिरात घरची भाषा बोलणारा दुभाषी असावा, मग ती पावरी असो, भिली असो वा मावची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. तपासणीला तो न्याय लावायला हरकत नसावी. फेरतपासणीनंतर यूडीआयडी कार्ड मिळाले तर ते गुजरातेतही चालते, तेव्हा जाताना ते आणि तपासणीचे सर्व कागद बरोबर न्या.

*

प्रश्न : आमची ग्रामपंचायत दिव्यांग निधीतून दर वर्षी दिव्यांगांना भांडी किंवा ब्लँकेट वाटते. गावात अशी पाच मुले आहेत. शाळेला उतरता रस्ता (रॅम्प) नाही. वेगळी मागणी केली तर आम्ही कृतघ्न ठरू, असे वाटते.
— एक पालक, धुळे जिल्हा

उत्तर : हा निधी कोणाची मेहेरबानी नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते, आणि त्यातून वैयक्तिक साहाय्याबरोबर सामूहिक सोयीही करता येतात. प्रथम स्व-उत्पन्न किती आणि त्याचे ५ टक्के किती, हा आकडा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा; तो मिळेना, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा. लहान गावात ही रक्कम फार थोडी निघते, हेही आधीच सांगून ठेवते, त्यामुळे शाळेचा उतार, कठडा आणि रुंद दार एकाच वर्षात होईल अशी अपेक्षा ठेवू नका; क्रम ठरवा. कृतघ्नपणाची भीती वाटत असेल तर ब्लँकेटला विरोध करू नका, फक्त ग्रामसभेत पाचही पालकांनी एकत्र बसावे आणि "आमच्या मुलांना यंदा कशाची गरज आहे, ते आम्ही लिहून आणले आहे," असे म्हणून कागद वाचावा. शक्य असेल तर मुलांनाही न्या. उतार नसलेल्या शाळेतच सभा भरत असेल, तर मुलाला उचलून पायऱ्या चढवताना सगळ्यांनी पाहिलेले बरे.

*

प्रश्न : मुलगी शहरातील विनाअनुदानित खासगी शाळेत सहावीत आहे. वाचनात फार मागे पडते. शाळेत व्यवस्थापन समिती नाही, मग आम्ही बोलायचे कुठे?
— एक वडील, जळगाव शहर

उत्तर : विनाअनुदानित शाळेला ती समिती बंधनकारक नाही, पण पालक-शिक्षक संघ असतो, तिथे विषय मांडा. दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १६ शासनमान्य खासगी शाळेलाही लागू आहे आणि अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचण) शक्य तितक्या लवकर ओळखून उपाय करणे, हे त्यात संस्थेचे काम म्हणून लिहिलेले आहे. मुलीच्या दोन वर्षांच्या वह्या आणि उत्तरपत्रिका जपून ठेवा, वर्गशिक्षकांचे निरीक्षण लेखी घ्या आणि तपासणी आताच करा. परीक्षेतील जादा वेळ आणि लेखनिक यांसाठी लागणारे कागद दहावीच्या वर्षी धावपळ करून मिळवणे फार जिकिरीचे जाते. त्याच वर्गात आणखी दोन-तीन पालक याच काळजीत असण्याची शक्यता मोठी आहे. संघाच्या बैठकीआधी त्यांच्याशी बोला, आणि शाळेत एक विशेष शिक्षक नेमावा ही मागणी सर्वांच्या सहीने द्या.