इंटरनेट कंपनी म्हणते ‘ट्रायकडे जा’, वकील मित्र म्हणतो ‘ग्राहक मंचात हे चालत नाही’. मग ग्राहकाने करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की बाणेरच्या फ्लॅटवर १०० एमबीपीएसचा वर्षाचा प्लॅन घेतला, संध्याकाळी वेग २० च्या वर जात नाही, आणि दोन आठवड्यांपूर्वी सलग सहा दिवस नेट बंद होतं. कंपनी ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, बोट दाखवते. ऑफिसमधला वकील मित्र सांगतो की टेलिफोन-इंटरनेटसाठी वेगळा कायदा आहे, ग्राहक मंच ही प्रकरणं घेतच नाही. शेवटी विचारलंय, नव्या दूरसंचार कायद्याच्या बातम्यांना काही अर्थ आहे का.

तुमच्या मित्राचं ते वाक्य वाचलं आणि मी लिहायला बसले. हेच वाक्य मी २०२० च्या दिवाळीत ऐकलं होतं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून पंधरा महिने गप्प बसले होते.

मी कोथरूडला राहते, आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. २०२० च्या मार्चनंतर सगळ्या बॅचेस ऑनलाइन गेल्या. आधी मोबाइलच्या नेटवर भागवलं, मग जूनमध्ये फायबर घेतलं. दहा महिन्यांच्या पैशांत बारा महिने अशी योजना होती, ७,९९० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४२८ रुपये एकरकमी भरले. शिकवणीवर घर चालवणाऱ्या बाईला ही रक्कम लहान नसते.

१४ ऑक्टोबरच्या रात्री पुण्यात जो पाऊस कोसळला तो पुणेकरांना आठवत असेल. आमच्या गल्लीतल्या गुलमोहराची फांदी पडली आणि तिच्यावरून गेलेल्या सगळ्या वायरी घेऊन खाली आली. सकाळी राउटरवर लाल दिवा. फोन केला तर, “मॅडम, तक्रार नोंदवलीय, चोवीस तासांत होईल.” हे उत्तर मी अकरा दिवस ऐकलं. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पत्ता पुन्हा सांगायचा. चौथ्या दिवशी एक पोरगा रेनकोट घालून आला, तुटलेलं टोक बघितलं आणि म्हणाला, “काकू, फायबर जोडायचं मशीन एकच आहे, ते सिंहगड रोडला गेलंय.” त्या पोराबद्दल माझ्या मनात कधीच राग नव्हता. दिवसभर भिजत होता तो. राग होता तो आगाऊ पैसे घेऊन एका भागाला एकच मशीन देणाऱ्यांवर.

त्या अकरा दिवसांत दहावीचं वर्तुळाचं प्रकरण चालू होतं. माझ्या फोनवर दिवसाला दीड जीबी. पहिली बॅच कशीबशी पार पडायची, दुसऱ्या बॅचला अर्ध्यात चित्र थांबायचं, आवाज तुटायचा. स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय तोंडी सांगून कळत नाही, आकृती लागतेच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वारज्याच्या एका मुलीच्या आईचा फोन आला. ती चार घरी पोळ्या करायची. म्हणाली, “बाई, पोरगी रोज फोन धरून बसते, काही दिसत नाही म्हणते, या महिन्याची फी परत द्याल का?” मी बाराशे रुपये त्याच दिवशी परत केले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण तिने माझ्याकडे मागितलं, मी दिलं, आणि मी कंपनीकडे मागितलं तेव्हा मला उत्तर मिळालं की प्लॅनची मुदत चार दिवस वाढवून देतो. अकरा दिवसांचे चार दिवस! गणिताच्या बाईला हे सांगत होते.

पाडव्याला नारायण पेठेत सासरी सगळे जमलो होतो. माझे दीर वकील आहेत, दिवाणी कामांत तीस वर्षं काढलेले. मी म्हटलं, ग्राहक मंचात जाते. ते म्हणाले, “वहिनी, टेलिग्राफ कायदा, कलम ७ ब. सुप्रीम कोर्टाचा २००९ चा निकाल आहे. पहिल्या तारखेलाच बाहेर काढतील तुम्हाला.” मी म्हटलं, “भावोजी, तो कायदा १८८५ चा, तारखात्यासाठी केलेला. माझी कंपनी खासगी आहे.” त्यावर ते म्हणाले, “कायदा म्हणजे गणित नव्हे, वहिनी.” सगळे हसले. माझे यजमानही हसले. मी विषय सोडला.

आता तो कायदा काय होता ते सांगते, कारण तुमचा मित्रही त्याच्याचबद्दल बोलतोय. १८८५ च्या भारतीय तार कायद्यात १९५७ साली कलम ७ ब घातलं गेलं. तारयंत्र, लाइन यांबद्दल ग्राहकाचा आणि तारखात्याचा वाद झाला तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जायचं, असं ते कलम. तेव्हा फोन देणारं सरकारी खातं एकच होतं, त्यामुळे त्यात काही तर्क तरी होता. २००९ मध्ये केरळमधल्या एका टेलिफोन ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की असा खास उपाय असताना ग्राहक मंचाकडे येता येणार नाही. त्या एका निकालावर देशभर ग्राहकांचे अर्ज परत जायला लागले. २०१४ मध्ये खुद्द दूरसंचार खात्याने कळवलं होतं की खासगी कंपन्यांना तारखात्याचे अधिकार नाहीत, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींना हे कलम लागू नाही. म्हणजे पाडव्याला मी जे बोलले तेच सरकार सहा वर्षं आधी बोलून बसलं होतं. तार सेवासुद्धा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली होती, पण तिचा कायदा माझ्या राउटरवर लावला जात होता. लोकशाहीत असा कायदा इतकी वर्षं ग्राहकाच्या मानेवर ठेवणं ही मला सरळ अन्यायाची गोष्ट वाटते.

मग १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा प्रश्न निकालात काढला. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. सूर्य कान्त आणि न्या. विक्रम नाथ. ग्राहक कायद्याखालचा हक्क हा जादा हक्क आहे, तार कायद्यातल्या लवादामुळे तो जात नाही, ग्राहकाला वाटलं तर तो ग्राहक आयोगाकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे, जाऊ शकतो. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतच दूरसंचार हा शब्द आलाय. आमच्याकडे येणाऱ्या पेपरात ही बातमी आतल्या पानावर दहा ओळींत होती. त्याच अंकात नव्या फोनच्या कॅमेऱ्यावर पाव पान होतं. तंत्रज्ञानाच्या बातम्यांबद्दल विचारलंत म्हणून सांगते, माझी मोठी तक्रार हीच आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी सुरू झालं तेव्हा किती सेकंदांत सिनेमा उतरतो हे पंधरा वेळा वाचलं, पण नाही उतरला तर दाद कुठे मागायची हे एकदाही नाही.

तक्रार दाखल करायची माझी दोन वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२२ पर्यंत होती. जूनमध्ये अर्ज टाकला. वकील दिला नाही, तो लागतही नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य. शपथपत्र, पावती, तक्रारीचे सगळे नंबर तारखांसह, लाल दिव्याचे फोटो, आणि वारज्याच्या मुलीला परत केलेल्या बाराशे रुपयांचा ऑनलाइन पुरावा जोडला. कागद जपायची सवय मला आईने लावली. ग्राहक पंचायतीचं काम बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलं, ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ ला आला. आई त्या काळातली, किराण्याची चिठ्ठीसुद्धा तारेला टोचून ठेवायची.

कंपनीच्या वकिलांनी म्हणणं दाखल केलं. पहिलाच मुद्दा: कलम ७ ब, २००९ चा निकाल, हे प्रकरण इथे चालत नाही. वाचताना माझे हात थरथरले, खरं सांगते. पाडव्याचं वाक्य शब्दशः कागदावर आलं होतं, आणि तेही फेब्रुवारीचा निकाल लागून गेल्यावर. पुढच्या तारखेला मी नव्या निकालाची प्रत दिली आणि उभी राहून एवढंच म्हणाले की हा मुद्दा आता शिल्लक नाही. आयोगाच्या सरांनी प्रत चाळली, समोरच्या वकिलांकडे बघितलं. त्यांनी तो मुद्दा पुन्हा काढला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोडीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दाखल झाली, वर्षाचे ९,४२८ आणि खर्चाचे ५,००० मला मिळाले.

भावोजी अजून म्हणतात की निकाल लागलाच नाही, तडजोड झाली, मग जिंकलात कसं. मी जिंकण्याबद्दल बोलतच नाही. ते म्हणाले होते पहिल्या तारखेला बाहेर काढतील, आणि मी चार तारखा आत होते, एवढंच माझं म्हणणं आहे. २०२० मध्ये २००९ चा निकाल उभा होता, हे त्यांचं बरोबरच होतं, तेवढं मी मानते. पण २०१४ चं सरकारचं पत्र त्यांनी बघितलं नव्हतं, आणि घरातल्या माणसाला ‘जाऊ नका’ सांगण्याआधी बघायला हवं होतं. तुमच्या मित्राला तर सबबच नाही. २०२२ चा निकाल येऊन वर्षं लोटली.

मेलेला कायदा जाणत्या माणसांच्या तोंडी जगत राहतो, हे फक्त माझ्याच बाबतीत झालं असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ आठवा. नेटवर काही त्रासदायक लिहिलं म्हणून तीन वर्षांपर्यंत शिक्षा. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यांतल्या एकीने तर ती पोस्ट फक्त लाइक केली होती. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरलं. तरी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं की त्याखाली गुन्हे अजून नोंदवले जाताहेत, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला की त्याखाली कुणावर खटला चालवू नका. सात वर्षं!

२०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या बातम्या जरूर वाचा. १८८५ च्या कायद्याच्या जागी तो आणलाय, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागायचा हक्क अबाधित राहील असं त्यात लिहिलेलं आहे. हे चांगलं झालं. पण नेट बंद करायचा अधिकार सरकारने त्यातही हातात ठेवलाय, ते मला पटत नाही. माझं नेट अकरा दिवस गेलं तर एवढं झालं, ज्या गावात आदेश काढून बंद करतात तिथल्या शिकवणीच्या बायकांनी कुठे जायचं? काश्मीरमधल्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन प्रकरणात जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की असे आदेश जाहीर करायला हवेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. ते पाळलं जातंय का, हे पेपरवाल्यांनी विचारत राहिलं पाहिजे.

आता तुमचं. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ते काम त्यांचं नाहीच, त्यामुळे कंपनी तुम्हाला फिरवतेय. कंपनीकडे दोन पायऱ्या असतात, तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकारी. अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पुष्कळदा तिथेच कंपनी हलते. सहा दिवसांच्या बंदबद्दल भाड्यात सूट मागा. ट्रायच्या २००६ च्या ब्रॉडबँड नियमांत कामाच्या तीन दिवसांवर बिघाड राहिला तर सात दिवसांची आणि कामाच्या सात दिवसांवर गेला तर पंधरा दिवसांची सूट होती. मला त्या हिशेबाने पंधरा दिवस मिळायला हवे होते, दिले चार. २०२४ मध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नियम नव्याने केलेत, अर्जात त्यांचा हवाला द्या.

वेगाचं मात्र आधी घरात तपासा. वायफायवर मोजलेला वेग कुणी धरणार नाही. लॅपटॉपला लॅन केबल लावून, संध्याकाळी आणि पहाटे, आठवडाभर मोजा. पहाटे ९५ आणि रात्री २० आलं तर दोष कंपनीचा, तिने एका लाइनवर जास्त घरं जोडलीत. दोन्ही वेळा ९५ आलं तर तुमच्या भिंतींचा किंवा राउटरचा, मग भांडू नका. आणि डाउनलोड करताना दिसणारा आकडा मेगाबाइटचा असतो, प्लॅनमधला एमबीपीएस मेगाबिटचा, म्हणून त्याला आठने गुणा.

मी वकील नाही, आणि माझ्या प्रकरणाला आठ महिने लागले. रजा टाकून तारखांना जाणं नोकरीवाल्याला जड जातं, पाचशे रुपयांसाठी जाऊ नका असंच मी म्हणेन. अर्ज ऑनलाइन भरता येतो, तुम्ही जिथे राहता तिथल्याच जिल्ह्यात. पण एक गोष्ट आजच बघा. पुण्यात पुष्कळ ठिकाणी पैसे गल्लीतल्या केबलवाल्याला दिले जातात आणि हातात काहीच येत नाही. कंपनीचं जीएसटी बिल तुमच्या नावावर आहे का? नसेल तर आधी ते मागून घ्या. आणि तक्रारीवर उत्तर आल्यापासून अपिलाला ३० दिवस असतात, त्यांतले किती गेले ते मोजा.