वाचकांचे प्रश्न: ॲस्बेस्टॉसचे आजार आणि अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांचे दावे

अमेरिकेत युनियनमार्फत इन्सुलेशनचं, म्हणजे पाइप-बॉयलरवर उष्णतारोधक आवरण चढवण्याचं, काम केलेल्या कामगारांच्या कुटुंबांकडून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. या आवरणात पूर्वी ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असायचं.

प्रश्न : माझे सासरे 1966 पासून निवृत्तीपर्यंत न्यू जर्सीत युनियनचे इन्सुलेटर होते. वीजकेंद्रं, रिफायनऱ्या, शाळांची बॉयलरघरं, सगळीकडे त्यांनी काम केलं. आता मेसोथेलिओमाचं (मुख्यतः फुप्फुसावरणाचा कर्करोग) निदान झालंय. "कंपन्या बुडाल्या, ठेकेदार गेले, आता कोणावर दावा लावणार?" असं ते म्हणतात. खरंच उशीर झालाय का?

उशीर झालेला नाही, पण आता दिवस मोजून चालायला हवं. हा आजार ॲस्बेस्टॉसची धूळ अंगावर घेतल्यानंतर 20 ते 50 वर्षांनी उघड होतो. म्हणून दावा लावण्याची मुदत कामाच्या तारखेपासून मोजत नाहीत. आजार आणि त्याचं कारण कळल्यापासून मोजतात. न्यू जर्सीत ती दोन वर्षांची आहे, न्यूयॉर्कमध्ये तीन. कॅलिफोर्नियात फक्त एक वर्ष मिळतं आणि तिथे ते मोजण्याची पद्धतही वेगळी आहे. सासऱ्यांनी इतर राज्यांतही काम केलं असेल तर कुठल्या राज्याची मुदत लागू होते हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. रुग्ण दगावला तर वारसांच्या दाव्याची मुदत वेगळी सुरू होते.

सगळ्यात आधी त्यांची जबानी नोंदवून घ्या. मेसोथेलिओमाच्या बहुतेक रुग्णांच्या हाती वर्ष-दीड वर्षच असतं, आणि केमोथेरपी सुरू झाली की तासन्‌तास उलटतपासणीला बसणं जमत नाही. ज्या खटल्याने या सगळ्या दाव्यांना वाट करून दिली, तो 'बोरेल विरुद्ध फायबरबोर्ड', टेक्सासमधल्या एका इन्सुलेशन कामगाराचाच होता. त्याने 1936 ते 1969 हे काम केलं, 1969मध्ये दावा लावला आणि सुनावणीआधीच त्याचा मृत्यू झाला. त्याची आधी घेतलेली जबानी कोर्टासमोर होती. 1973मध्ये अपील कोर्टाने ठरवलं की धोक्याची सूचना न देता माल विकणारे उत्पादक जबाबदार आहेत.

सासऱ्यांना "कुठल्या कंपनीचा माल होता?" असं थेट विचारू नका. त्याला "आठवत नाही" हेच उत्तर येतं आणि ते एकदा नोंदलं गेलं की पुसता येत नाही. एकेक जागा धरा: कुठलं युनिट, नवं बांधकाम की जुनं उखडण्याचं काम, सोबत कोण होतं, खोक्यावर काय छापलेलं होतं. पाइपचं आवरण तीन-तीन फुटांच्या अर्धगोल तुकड्यांत यायचं. ते करवतीने कापायचे, तारेने बांधायचे, सांधे आणि वळणं पोत्यातल्या सिमेंटच्या लगद्याने भरायची. हा लगदा, कामगारांच्या भाषेत 'मड', बादलीत कोण कालवत होतं, पोतं कोण ओतत होतं, तेही विचारा. कापताना आणि पोतं ओततानाच सगळ्यात जास्त धूळ उडते.

तारखांकडे बारकाईने पाहा. 'केलो' हे आवरण 1958पर्यंत ओवेन्स-इलिनॉय बनवत होती, त्यानंतर 1972पर्यंत ओवेन्स कॉर्निंग. म्हणजे सासऱ्यांनी 1968मध्ये नवं केलो लावलं असेल तर दावा ओवेन्स कॉर्निंगच्या ट्रस्टकडे, म्हणजे दिवाळखोर कंपनीने रुग्णांच्या भरपाईसाठी उभ्या केलेल्या निधीकडे, जातो. पण त्याच वर्षी त्यांनी 1955 सालचं केलो उखडलं असेल तर ती जबाबदारी पहिल्या कंपनीची. 'युनिबेस्टॉस' हे दुसरं आवरण 1962 ते 1972 या काळात पिट्सबर्ग कॉर्निंगचं होतं. 1972 नंतर नव्या आवरणातून ॲस्बेस्टॉस हळूहळू गेलं, तरी उखडण्याचं काम चालूच होतं, हे बऱ्याच अर्जांत लिहायचंच राहून जातं.

प्रश्न : वडील आता हयात नाहीत. त्यांनी कुठे कुठे काम केलं याची आमच्याकडे चिठ्ठीसुद्धा नाही. ठेकेदार दर दोन महिन्यांनी बदलायचे. पुरावा कुठून आणायचा?

युनियनचा कामगार असण्याचा फायदा इथे दिसतो. कामगार ज्या लोकलचा, म्हणजे युनियनच्या स्थानिक शाखेचा, सदस्य होता तिथल्या हॉलमधून कामावर पाठवल्याची नोंद व्हायची. लोकलने ती जपली नसेल तर पेन्शन फंडाकडे जा. प्रत्येक ठेकेदार तासाप्रमाणे फंडात पैसे भरत असल्यामुळे वर्ष, ठेकेदार आणि तास तिथे मिळतात. तिसरा कागद सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शन खात्याचा. एसएसए-7050 हा अर्ज भरून मालकांच्या नावांसह तपशीलवार कमाईचा उतारा मागवा. नुसता वार्षिक बेरजेचा उतारा निरुपयोगी, त्यात मालकाचं नाव नसतं. वारसाने अर्ज करताना मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडावा लागतो. उतारा यायला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका.

या कागदांतून ठेकेदार कळतो, माल कळत नाही. ती कडी सहकारी जोडतात. पेन्शन फंडात त्याच ठेकेदाराकडे, त्याच महिन्यांत तास भरलेले इतर सदस्य कोण, हे लोकलच्या जुन्या बिझनेस एजंटला (युनियनचा पदाधिकारी) विचारा. त्यातल्या दोघा-तिघांनी आधीच आपल्या खटल्यांत जबान्या दिलेल्या असू शकतात, आणि अनुभवी वकिलाकडे त्या असतात.

प्रतिज्ञापत्र लिहिताना एक काळजी घ्या. ट्रस्टच्या अर्जात एक उत्पादन लिहायचं आणि कोर्टात त्याचा उल्लेख टाळायचा, असे प्रकार झाले आहेत. 2014मध्ये गारलॉक कंपनीच्या दिवाळखोरीच्या प्रकरणात न्यायाधीशांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. आता अनेक राज्यांत ट्रस्टचे सगळे अर्ज प्रतिवादीसमोर ठेवावे लागतात. म्हणून कामाची एकच यादी करा आणि सगळीकडे तीच द्या.

प्रश्न : ट्रस्टकडून मेसोथेलिओमासाठी लाखो डॉलर मिळतात असं ऐकलं होतं, हातात आले ते काही हजारच. वकिलाने फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या जॉन्स-मॅनव्हिल कंपनीने ऑगस्ट 1982मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 1988मध्ये तिचा ट्रस्ट उभा राहिला. 1994मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेस) तोच साचा दिवाळखोरी कायद्याच्या कलम 524(जी)मध्ये घातला. ट्रस्टमधले पैसे आजच्या रुग्णांइतकेच अजून 20 वर्षांनी आजारी पडणाऱ्यांसाठीही असतात. त्यामुळे ठरीव रकमेचा काही टक्केच भाग देतात. मॅनव्हिलच्या 2002च्या नियमांत मेसोथेलिओमाची ठरीव रक्कम 3,50,000 डॉलर आहे. टक्का 5.1 असेल तर हातात येतात 17,850 डॉलर. टक्का वेळोवेळी बदलतो. या ट्रस्टने वकिलाच्या फीवर 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, करारपत्रात तेवढं तपासा. इन्सुलेटरने अनेक कंपन्यांचा माल हाताळलेला असतो, म्हणून एकाच कामगाराचे अनेक ट्रस्टांकडे अर्ज होतात. खरी भरपाई त्या सगळ्यांची बेरीज आणि अजून तग धरून असलेल्या कंपन्यांवरचा खटला मिळून ठरते.

स्वतःच्या मालकावर सहसा खटला लावता येत नाही, त्याच्याकडून वर्कर्स कॉम्पेन्सेशन (कामगार भरपाई) मिळतं. गोदीत जहाजांवर काम केलं असेल तर लाँगशोअर कायदा (गोदी कामगारांच्या भरपाईचा केंद्रीय कायदा) लागू होऊ शकतो, आणि त्यात एक घातक सापळा आहे. कलम 33(जी)नुसार, मालक आणि त्याच्या विमा कंपनीची लेखी संमती आधी न घेता तिसऱ्या पक्षाशी, उदाहरणार्थ उत्पादकाशी, या कायद्याने मिळायच्या भरपाईपेक्षा कमी रकमेत तडजोड केली, तर लाँगशोअरचा हक्कच बुडू शकतो. ट्रस्टचा छोटासा चेकसुद्धा तडजोड ठरू शकतो. दोन वकील दोन बाजूंनी काम करत असतील आणि एकमेकांशी बोलत नसतील, तर नेमकं हेच घडतं. ऊर्जा खात्याच्या अण्वस्त्र केंद्रांवर, म्हणजे हॅनफर्ड, ओक रिज, सव्हाना रिव्हर अशा ठिकाणी ठेकेदाराकडून काम केलेल्यांसाठी केंद्र सरकारची वेगळी योजना आहे. त्यांना मोफत वैद्यकीय तपासणीही मिळते. बरेच जण ती घेतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : नवऱ्याला फुप्फुसाचा कर्करोग झालाय. तो 30 वर्षं सिगारेट ओढायचा, म्हणून एका वकिलाने केस घेतली नाही. विषय संपला का?

नाही. युनियनच्या यादीतल्या 17,800 इन्सुलेशन कामगारांवरचा अमेरिका-कॅनडातला अभ्यास याच प्रश्नाचं उत्तर देतो. 1979मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान दोन्हींपासून दूर असलेल्यांच्या तुलनेत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण फक्त ॲस्बेस्टॉस असलेल्यांत सुमारे 5 पट, फक्त धूम्रपान असलेल्यांत सुमारे 11 पट आणि दोन्ही असलेल्यांत 50 पटींहून अधिक निघालं. सिगारेट ओढली म्हणून ॲस्बेस्टॉसची जबाबदारी सुटत नाही. भरपाईची रक्कम मात्र कमी होऊ शकते.

व्यवहारात सगळं स्कॅनवर अडतं. बहुतेक ट्रस्टांना फुप्फुसावरणावरचे जाड डाग किंवा ॲस्बेस्टोसिसची (ॲस्बेस्टॉसने फुप्फुसावर पडलेले व्रण) खूण हवी असते. कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये गाठीचं वर्णन पानभर असतं आणि हे डाग लिहिलेलेच नसतात. सीटी स्कॅनची मूळ प्रत घ्या आणि व्यवसायजन्य आजारांच्या तज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घ्या. शस्त्रक्रिया झाली असेल तर काढलेल्या ऊतींचे नमुने (ब्लॉक) जपून ठेवायला रुग्णालयाला लेखी कळवा.

मात्र वकिलांनी उभ्या केलेल्या फिरत्या व्हॅनमधल्या घाऊक एक्स-रे तपासण्यांपासून लांब राहा. 2005मध्ये टेक्सासच्या फेडरल न्यायाधीश जॅनिस जॅक यांनी सिलिकाच्या (वाळूच्या बारीक धुळीने होणाऱ्या आजाराच्या) हजारो दाव्यांमागची अशी निदानं उघडी पाडली. त्यातल्या डॉक्टरांचे रिपोर्ट पुढे ट्रस्टांनीही नाकारले, आणि त्यात खऱ्या रुग्णांचंही नुकसान झालं.

प्रश्न : फुप्फुसावरणावर फक्त डाग आहेत, त्रास नाही. आत्ताच दावा करावा का?

राज्यावर अवलंबून आहे. अनेक राज्यांत पुढे कर्करोग झाला तर तो वेगळा आजार मानून नवी मुदत मिळते. धोका असतो तो सही करताना. तडजोडीच्या कागदात "भविष्यातील सर्व आजार" असे शब्द असतील तर पुढचा दावा गेला. ते शब्द काढून घ्या, नाहीतर सही करू नका.

प्रश्न : आई बाबांचे कामाचे कपडे झटकून धुवायची. तिलाच मेसोथेलिओमा झाला. ती कधी कामावर गेली नाही.

तिचा दावा होऊ शकतो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2006मध्ये आणि कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने 2016मध्ये कामाच्या जागेच्या मालकाची घरच्यांप्रति जबाबदारी मान्य केली. न्यूयॉर्कने 2005मध्ये ती नाकारली. उत्पादकांवरचा दावा आणि ट्रस्टचे अर्ज हा वेगळा रस्ता आहे. बहुतेक ट्रस्ट घरच्यांचे अर्ज घेतात, पण आधी बाबांचा मालाशी संबंध सिद्ध करावा लागतो. म्हणजे कागद बाबांचे आणि निदान आईचं. बाबा हयात असतील तर त्यांची साक्षही लगेच घ्या: कपडे कुठे बदलायचे, घरी कशातून आणायचे, कोण धुवायचं.

प्रश्न : मी आजही लोकलमध्ये आहे, आता आमचं काम मुख्यतः जुनं काढण्याचं. माझ्यासाठी काय?

1980पर्यंतच्या इमारतीतलं पाइप-बॉयलरचं आवरण, तपासून नाही असं सिद्ध होईपर्यंत, ॲस्बेस्टॉसचंच समजायचं, असा ओशाचा (अमेरिकेची कामगार-सुरक्षा यंत्रणा) नियम आहे. हवेतल्या ॲस्बेस्टॉसची आठ तासांची सरासरी मर्यादा दर घन सेंटिमीटरला 0.1 तंतू आहे. हवेच्या मोजणीच्या नोंदी मालकाला 30 वर्षं ठेवाव्या लागतात, वैद्यकीय नोंदी नोकरीचा काळ अधिक 30 वर्षं. त्यांची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि मालकाने ती साधारण 15 कामकाजी दिवसांत द्यायची असते. प्रत्येक काम संपताना ती मागून घरच्या फाइलमध्ये लावा. ठेकेदार गुंडाळला की त्याचं कपाट शोधून सापडत नाही.