‘एनीबडी डिडन्ट कम’ का चालत नाही?

प्रश्न असा: ‘कोणीही आलं नाही’ याचं इंग्रजी ‘नोबडी डिडन्ट कम’ होत नाही हे कळलं, पण ‘एनीबडी डिडन्ट कम’ तरी का चूक?

मराठीत नकाराचा भार क्रियापद वाहतं. ‘कोणी आलं’ आणि ‘कोणी आलं नाही’, दोन्हींत ‘कोणी’ तेच. इंग्रजीतल्या नोबडी, नथिंग, नन, नायदर यांच्या मात्र पोटातच नकार आहे. म्हणून क्रियापद होकारार्थी ठेवायचं: ‘नोबडी केम’.

आता ‘एनीबडी’. अशा वाक्यात त्याला आधी नकार लागतो. ‘आय डिडन्ट सी एनीबडी’मध्ये ‘डिडन्ट’ आधी येतो, म्हणून ते बरोबर. कर्त्याच्या जागी ‘एनीबडी’ बसवलं की नकार मागाहून येतो आणि वाक्य कोसळतं. तिथे ‘नोबडी’च हवं. कर्माच्या जागी दोन्ही रचना चालतात. ‘आय सॉ नोबडी’ जरा ठासून सांगितल्यासारखं वाटतं, एरवी बोलण्यात ‘डिडन्ट सी एनीबडी’च जास्त.

‘दोन नकार मिळून होकार’ हे शाळेत शिकवलं जाणारं स्पष्टीकरण मला पटत नाही. १४व्या शतकात चॉसर या कवीच्या इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार येत आणि अर्थ नकाराचाच राही. आजही अनेक इंग्रजी बोलींत ‘आय डोन्ट नो नथिंग’ म्हणतात, ऐकणाऱ्याला ‘मला काही ठाऊक नाही’ असंच समजतं. प्रमाण इंग्रजीत ही रचना चालत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

‘नो’ला पुढे नाम लागतं: ‘नो मनी’. ‘नन’ एकटं उभं राहतं. नामाआधी ‘द’ किंवा ‘माय’ असेल तर ‘नन ऑफ माय फ्रेंड्स’. ‘नो ऑफ’ कधीच नाही. ‘नन ऑफ माय फ्रेंड्स’पुढे ‘इज’ की ‘आर’ यावर उगाच वाद होतात, दोन्ही बरोबर आहेत. ‘वॉटर’सारखं न मोजता येणारं नाम असेल तर मात्र ‘इज’च. ‘नायदर’ फक्त दोहोंसाठी. तीन झाले की ‘नन’.

पोटातला नकार खराच आहे याची खात्री हवी असेल, तर वाक्याला शेपटीचा प्रश्न जोडून पाहा. होकारार्थी वाक्याला नकारार्थी शेपूट लागतं: ‘शी कॉल्ड, डिडन्ट शी?’ पण ‘नोबडी कॉल्ड’ म्हटलं की पुढे येतं ‘डिड दे?’