छत्तिशीतच चेहरा म्हातारा का दिसतो?

"ताई, मी डोकरी दिखस का?" चोपड्याकडून आलेल्या एका बाईंनी बसल्या बसल्या हेच विचारलं. वय 36. एका लग्नात कुणीतरी त्यांना त्यांच्याच नवऱ्याची आई समजलं होतं. तेव्हापासून फोटोत उभं राहणं बंद, हळदीकुंकवाला जाणं बंद. अशी तक्रार घेऊन माझ्याकडे बऱ्याच जणी येतात, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहिते आहे.

"चेहऱ्याचं काय एवढं मनावर घेतेस?" असं घरच्यांनी झटकून टाकलं होतं. मला ते पटत नाही. चार माणसांत जायची लाज वाटायला लागली, तर ते दुखणंच आहे.

दिवस कसा जातो ते विचारलं. पावसाळ्यात निंदणी, दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी, उन्हाळ्यात केळीच्या बागेत मजुरी. वेचणीला साडीवर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला रुमाल, चेहरा मात्र उघडा. मी त्यांना बाही वर सारायला सांगितलं. दंडाच्या आतली कातडी मऊ, एकसारख्या रंगाची. गालाच्या हाडावर तपकिरी चट्टे, डोळ्यांच्या कडेला रेघा. "दोन्ही कातड्या 36 वर्षांच्याच आहेत," मी म्हटलं. त्या बराच वेळ दंडावरून बोट फिरवत राहिल्या.

त्वचेला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटत जातं. आपल्या सावळ्या रंगात सुरकुत्या जरा उशिरा येतात, डाग आधी दिसतात. हे किरण विरळ ढगांतून येतात, काचेतूनही येतात. त्यांचा नवरा टेम्पो चालवतो. त्याचाही खिडकीकडचा उजवा गाल जास्त रापलेला आहे, हे त्यांनाच आठवलं. 2012 साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 28 वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो आला होता. तिकडे चालक डावीकडे बसतो, आणि त्याच्या डाव्या गालावरच्या सुरकुत्या उजव्यापेक्षा कितीतरी खोल होत्या.

सकाळ-संध्याकाळ मशेरीही चालू होती. मशेरी म्हणजे तंबाखूच. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती तर चेहऱ्याच्या काळजीपेक्षा फार मोठी. मशेरी एकदम सुटणार नव्हती. आधी संध्याकाळची बंद करायचं ठरलं.

मला खरा घोर लागला तो पिशवीतून निघालेल्या ट्यूबचा. गोरं होण्यासाठी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, वर बारीक अक्षरात मोमेटासोन. हे स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून बाया खूश होतात. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, ऊन सोसत नाही. बेटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावंही तशीच. पण घाबरून एका दिवसात बंद केलं तर चेहरा आणखी भडकू शकतो, म्हणून त्यांना सरकारी दवाखान्यातल्या त्वचारोगाच्या ओपीडीत पाठवलं. कातडीवर औषध देणं माझं काम नाही.

उन्हाचं काय करायचं? कामाची वेळ मालक ठरवतो, तेव्हा "10 ते 4 घरात बसा" हा सल्ला त्यांच्या कामाचा नव्हता. जाड विणीचा सुती रुमाल नाक-गाल झाकेल असा बांधायचा, जेवायला सावलीत बसायचं, आणि जमेल तेव्हा एसपीएफ 30चं (एसपीएफ म्हणजे उन्हापासून बचावाचा आकडा) सनस्क्रीन निदान चेहऱ्याला, दोन-तीन तासांनी पुन्हा. भरपूर पाणी प्यायल्याने सुरकुत्या जात नाहीत, हेही सांगितलं. 45 अंशांत पाणी प्यायचं ते जिवासाठी. झालेले डाग पूर्ण पुसले जातील असं वचन मी दिलं नाही.

पुढच्या वेळी त्या नववीतल्या मुलीला घेऊन आल्या. तीही आईचीच ट्यूब लावत होती, गालभर मुरूम उठले होते. तिलाही त्याच ओपीडीची चिठ्ठी दिली. मग मुलीला बाहेर न बसवता, वर्गात तिला कोण काय म्हणतं ते विचारायला घेतलं.