चहाचं दुकान आमचं, मग विकताना कंपनी मध्ये का?

प्रश्न: सर, आमचं इंदिरानगरला जॉगिंग ट्रॅकजवळ एका चहाच्या ब्रँडचं आउटलेट आहे. 5 वर्षांचा करार, 2 वर्षं बाकी. मिस्टरांची बदली झाली म्हणून विकायला काढलं, पाथर्डी फाट्याचं एक गिऱ्हाईक 12 लाखाला तयार आहे, 1 लाख इसारही दिलाय. आता कंपनी म्हणते परवानगीशिवाय विकायचं नाही, वाटलं तर आम्हीच घेऊ, आणि वर दीड लाख ट्रान्सफर फी. असं करता येतं का त्यांना? – एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर: ताई, पहाटे पाचला शटर उघडून ज्यांनी दुकान नावारूपाला आणलं त्यांना हे लागणारच. पण दुकानात तुमचं नेमकं काय आहे ते बघा. काउंटर, फ्रीज, पातेली, स्टूल तुमची, कोणालाही विका. बोर्डावरचं नाव आणि तो चहा मसाला मात्र फक्त वापरायला मिळालेला आहे, आणि गिऱ्हाईक 12 लाख मोजतंय ते बहुतेक त्या बोर्डाकडे बघूनच.

आपल्याकडे फ्रँचायझीचा, म्हणजे दुसऱ्याच्या ब्रँडखाली दुकान चालवण्याचा, वेगळा कायदा नाही, सगळं तुम्ही सही केलेल्या करारावर आणि 1872 च्या करार कायद्यावर चालतं. रॉयल्टी म्हणजे नाव वापरल्याचे पैसे भरणं, माल त्यांच्याकडूनच घेणं या तुमच्या जबाबदाऱ्या आहेत, त्या कंपनीच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाहीत, म्हणजे परवानगीचं कलम नसतं तरी त्यांच्याकडे जावंच लागलं असतं.

"आम्हीच घेऊ" ची गोष्ट वेगळी. त्यासाठी करारात 'राइट ऑफ फर्स्ट रिफ्युजल', म्हणजे विकताना आधी कंपनीला विचारायचं, असं कलम लागतं, नसेल तर तो हक्क नाही. असेल तर साधारणपणे बाहेरच्याने दिलेल्या भावातच आणि ठरलेल्या दिवसांत घ्यायचं असतं, 12 ची ऑफर असताना 8 ला द्या म्हणता येत नाही. फक्त काही करारांत घसारा वजा करून किंमत काढायचं सूत्र टाकलेलं असतं, ते आधी शोधा. दीड लाखाचंही तेच, आकडा करारात असेल तर भरावा लागेल, नसेल तर बिनधास्त घासाघीस करा. गिऱ्हाईकाची लेखी ऑफर आजच ईमेलने कंपनीला पाठवा म्हणजे त्यांच्या मुदतीचे दिवस सुरू होतील, आणि मंजुरी नाही आली तर इसार परत, एवढं गिऱ्हाईकाकडून लिहून घ्या.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. मागे एक जोडपं माझ्याकडे आलं होतं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये करार, त्याला टाचलेली, कंपनीला तारण म्हणून दिलेल्या तीन कोऱ्या चेकची झेरॉक्स. दुकान विकून आठ महिने झालेले, नव्या माणसाने रॉयल्टी थकवली आणि कंपनीने यांचेच चेक बँकेत टाकले, बाउन्स झाल्यावर कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, नोटीस दारात. विकताना चेक आणि गॅरंटी परत मागायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून तिघांच्या सहीचा करार करा, कंपनी, तुम्ही आणि नवा मालक, त्यात तुमची जबाबदारी अमुक तारखेला संपली असं स्पष्ट लिहा, चेक आणि डिपॉझिट त्याच दिवशी हातात घ्या.

पुढे 3 वर्षं चहाचा धंदा करायचा नाही असं कलम असेल तर त्याने घाबरू नका, करार संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम 27 खाली कोर्ट सहसा मानत नाही. त्यांचं नाव आणि रेसिपी मात्र वापरायची नाही. पण लक्षात घ्या, गुडविल, म्हणजे दुकानाने कमावलेलं नाव, विकल्यावर नवा मालक तुमच्यावर ठराविक परिसरापुरती वाजवी बंदी घालू शकतो, त्याला त्याच कलमात सूट आहे. तेव्हा सही करताना किती वर्षं आणि कुठपर्यंत ते वाचा, अख्खं नाशिक लिहिलेलं असेल तर इंदिरानगरपुरतं करून घ्या.

गाळा भाड्याचा असेल तर लिव्ह अँड लायसन्स आपोआप पुढे जात नाही, गाळामालकाकडून नव्या माणसाच्या नावाने वेगळा करार करून तो रजिस्टर करावा लागेल. आणि जीएसटी थकलेला असेल तर विक्रीआधी भरून टाका, कारण विक्रीपर्यंतच्या थकबाकीला तुम्ही आणि घेणारा दोघंही जबाबदार धरले जाता, गिऱ्हाईकाचा सीए ते पहिल्याच भेटीत विचारेल.