दुपारी जेवताना समोर कोण असतं?

"मॅडम, इथे माझी कुणाला गरजच नाहीये. परत येऊ का?" नोव्हेंबरमधल्या पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिनं विचारलं. परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न मी समुपदेशनात सतत ऐकते, म्हणून तिच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून, तिची हकिगत लिहिते आहे.

वय २६, इंग्रजीत एम.ए., पुण्यात जपानी भाषा शिकलेली. जपानमध्ये १९८७पासून 'जेट' नावाचा कार्यक्रम चालतो. त्यातून परदेशी तरुण तिथल्या शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक, म्हणजे 'एएलटी', म्हणून जातात. ऑगस्टमध्ये ती निगाता प्रांतातल्या एका छोट्या गावी पोचली. आठवड्याला तीन शाळा. करार एक वर्षाचा, आणि पुढच्या वर्षी राहणार की नाही हे हिवाळ्यातच लिहून द्यायचं.

तक्रारी बऱ्याच होत्या. वर्गात ती फक्त वाक्यं मोठ्यानं वाचायची आणि मुलं तिच्यामागून म्हणायची. "मी टेपरेकॉर्डर आहे." शिक्षकांच्या खोलीत सगळे मान खाली घालून कामात. घरी गेलं की केरोसीनचा हीटर पेटेपर्यंत स्वेटरवर जॅकेट. रात्री आईला फोन. आईची आवराआवर नऊला संपायची, तेव्हा जपानमध्ये साडेबारा वाजलेले असायचे. दीड-दोन तास बोलणं, मग झोप कुठली?

मी आधी झोप, भूक आणि जगणं नकोसं होण्याचे विचार यांबद्दल स्पष्टच विचारलं. तसे विचार नव्हते. असते तर तिला तिथल्या तिथे प्रत्यक्ष मदत मिळणं माझ्या कॉलपेक्षा महत्त्वाचं होतं. टोकियोची 'टेल' ही इंग्रजीतून चालणारी हेल्पलाइन १९७३पासून आहे, तिचा नंबर मी तरीही तिला लिहून घ्यायला लावला.

मग तिला एक अख्खा दिवस सांगायला लावला, सकाळी बूट काढून शाळेतल्या चपला घालण्यापासून. दुपारशी आल्यावर ती भरभर पुढे जायला लागली. मी थांबवलं. "जेवताना तुझ्यासमोर कोण असतं?"

जरा वेळानं म्हणाली, "कॉम्प्युटर."

जपानी प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण वर्गातच होतं. पांढरे कोट आणि टोप्या घातलेली मुलंच वाढतात, शिक्षक मुलांबरोबर बसतात. ही शाकाहारी. सूपमध्ये, भाजीतसुद्धा माशांचा अर्क असतो हे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं शाळेचं जेवण बंद केलं आणि संकोचानं आपल्या टेबलावर डबा खायला लागली. कुणी बोलावलं नाही. मला वाटतं, तिला एकटीनं जेवायला आवडतं अशीच त्यांची समजूत झाली असावी.

तिचं दुखणं खोटं नव्हतं. पण धडा जपानी शिक्षकानं चालवायचा आणि एएलटीनं साथ द्यायची, ही त्या नोकरीची रचनाच आहे. त्यात तिच्या लायकीचा निकाल नाही. हे मी तिला सांगितलं, तिला पटलंही. मात्र पटल्यानं एकटेपणा जात नाही. मुलांशी मोकळं बोलण्याची दिवसातली एकच वेळ होती, आणि नेमकी तीच हातची गेली होती.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. आईचा फोन भारतात संध्याकाळी सहाला, अर्धा तास. आई दुखावली. तिच्याशी मी वेगळं बोलले, कारण लेकीचा आवाज ऐकल्याशिवाय तिलाही झोप नव्हती. दुसरं म्हणजे, 'क्योतो-सेन्सेई'ना, म्हणजे उपमुख्याध्यापकांना, विचारायचं: डबा घेऊन वर्गात बसू का? हे एक वाक्य जपानीत बोलायला तिला नऊ दिवस लागले. त्यांनी लगेच होकार दिला. अ‍ॅलर्जी असलेली मुलं घरचा डबा आणतातच.

पाचवीचा वर्ग. "नान?" एका मुलानं डब्यात डोकावून विचारलं. "चपाती," ती म्हणाली. दूध मात्र ती त्यांच्याबरोबरच प्यायली, प्रत्येकाला मिळतं तसं २०० मिलीचं. जेवणानंतर साफसफाईची वेळ. ती फडकं पिळत होती, तर एका मुलीनं ते हातातून घेतलं, उभं धरून पिळून दाखवलं आणि परत दिलं. "मॅडम, मला कुणीतरी चुकतेस म्हणालं," हे सांगताना ती हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. बर्फ पडल्यावर दोन आठवडे ती पुन्हा खचली. एका शाळेत अजूनही फक्त वाचूनच घेतात.

फॉर्मवर तिनं 'राहणार नाही' असं लिहिलं. मी कारण विचारलं. "मला शिकवायला आवडतं, हे इथे कळलं. आता माझा स्वतःचा वर्ग हवा. बी.एड. करते." जुलैपर्यंत ती तिथेच आहे. मागच्या आठवड्यात तिनं आईकडून पोळपाट-लाटणं मागवलं. खाऊ वाटायला शाळेत परवानगी नाही, पण पाचवीला इंग्रजीतून चपाती लाटून दाखवायला आहे.